नऊ उन्हाळ्यांची बाटली

लग्न होऊन जळगावजवळच्या असोद्याला आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बिबड्या उलटायला गच्चीवर पाठवलं. एप्रिलचं ऊन, पायाखाली तव्यासारखी गच्ची, आणि लुगड्यावर ओळीनं वाळत घातलेले ते ज्वारीचे पापड. त्यांच्या पलीकडे एका पाटावर एक काळपट बाटली उभी होती. मानेला पांढरं फडकं गुंडाळलेलं, बुचावर मेण, आणि अंगावरच्या कागदावर डोंगर, समुद्र नि परदेशी अक्षरं. तेलाची असेल म्हणून मी ती सावलीत सरकवायला गेले, तर खालून अंगणातून आरोळी आली, "हात लावू नको! तिचं डावं अंग शेकायचं राहिलंय!"

ती आरोळी आमच्या सासऱ्यांची. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, पाठीमागे फ्रान्सनाना. नाना जिना चढून वर आले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बाटली पाव वळण फिरवली, आणि एखाद्या आजारी माणसाची कूस बदलल्यासारखे समाधानानं मागे सरकले. "सुनंदा, ही वाइन आहे," मला म्हणाले. "दारू नव्हे. फरक समजून घे." मी नवी नवरी. मान डोलावली. पण माझं माहेर धुळ्याचं, तोंड आवरेना. खाली येऊन अक्कांना विचारलंच, की ज्या घरात खोकल्याचं औषधही हुंगून घेतात, त्या घरात ही कोणाची? अक्का कणिक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. "त्याईले विचार," एवढंच म्हणाल्या.

त्यांना विचारायची गरजच नव्हती. नाना न विचारता सांगत. माझ्या लग्नाआधी वर्षभर नाना फ्रान्सला जाऊन आले होते. ठिबक सिंचन बघायला केळी-कापूसवाल्या शेतकऱ्यांचं एक शिष्टमंडळ गेलं, त्यात नानांचा नंबर लागला. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांवर नानांनी पुढची सगळी वर्षं काढली. माणूस सहा महिने आजारी असतो तरी आजारपणाबद्दल इतकं बोलत नाही, जितकं नाना त्या अकरा दिवसांबद्दल बोलत. बस उशिरा आली, "फ्रान्समध्ये असं नसतं." वरणात मीठ जास्त पडलं, "फ्रान्समध्ये असं नसतं." एकदा आमच्या शेजारच्या काशिनाथआबांची म्हैस पान्हा चोरायला लागली, तर तिथेही नाना फ्रान्स घेऊन पोचले. आबा शेवटी वैतागून म्हणाले, "नाना, मंग तिले फ्रान्सले धाडू का?"

शेवटचे दोन दिवस प्रत्येक शेतकऱ्याला तिथल्या एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. नाना गेले ते पियेर नावाच्या माणसाकडे. स्पेनच्या हद्दीला लागून समुद्रकाठचं बान्यूल्स नावाचं गाव. खाली पीचची बाग, वर उभ्या डोंगरउतारावर द्राक्षं. त्या गावाच्याच नावाची ही वाइन. निघताना पियेरनं नानांना ही बाटली दिली. मग नाना आले, आणि त्यांच्याबरोबर ते व्याख्यान आलं.

व्याख्यान मला पाठ आहे. असोद्यातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. नाना ओट्यावर बसत, चहाचा रिकामा पेला दोन बोटांत धरून गोल फिरवत आणि सुरू करत: "द्राक्षाचा रस आंबायला ठेवतात. आंबत आला, की मध्येच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं जागच्या जागी थांबतं. साखर आत अडकते. म्हणून ती गोडही असते आणि जोरकसही. मग भरतात काचेच्या मोठमोठ्या बुधल्यांत, आणि ठेवतात वर्षभर उन्हात. ऊन! जगात सगळे लोक वाइन उन्हापासून लपवतात. हे लोक उन्हात ठेवतात." इथे नाना थांबत. आमच्या जळगावकडच्या माणसाला उन्हाचं कौतुक कोणी केलं तर तो लगेच आपलासा वाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मग मी म्हटलं, ऊनच पाहिजे ना? त्यांच्याकडे काय ऊन असतं! कवडसा!" म्हणून दर उन्हाळ्यात बिबड्या आणि कुरडयांबरोबर ती बाटली गच्चीवर चढायची, आणि पावसाच्या आधी बिबड्यांच्याच डब्यात उतरायची.

व्याख्यानाचा शेवट चवीवर. नाना डोळे मिटत, पेला नाकाशी नेत. "पहिल्यांदा जिभेवर अंजीर येतं. मग थोडा करपलेला गूळ. आणि घोट उतरल्यावर, एकदम शेवटी, तापलेल्या कौलावर पाणी शिंपडल्याचा वास." समोर बसलेली माणसं घोट गिळत. खरं सांगते, मीसुद्धा गिळला आहे. माझे वडील धुळ्याहून आले की हे ऐकायला हटकून बसत, आणि जाताना मला आमच्या अहिराणीत हळूच सांगत, "तुना सासरा बठ्ठं खोटं बोलस, पन गोड बोलस." सगळं खोटं, पण गोड, हा वडिलांचा नेम किती बरोबर होता, ते कळायला मला आठ वर्षं लागली.

मग लोक विचारणारच, की उघडत का नाही? त्यालाही उत्तर तयार. "घाई करायची नाही. पदार्थ जमला पाहिजे." पियेरनं म्हणे बजावलं होतं, की ही वाइन नुसती घ्यायची नसते. तिच्याबरोबर अंजीर, अक्रोड, कडू काळं चॉकलेट, अंजिरात शिजवलेलं बदक, नाहीतर हिरवी बुरशी आलेलं चीज. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस बदकाबद्दल असा बोलायचा, जसं काही आमच्या परसात बदकांचा कळपच आहे. बुरशीच्या चीजवर मात्र अक्का एकदा बोलल्याच. "बुरशी आली तं आपून म्हशीलेबी देत नाई." नाना दयाळूपणे हसले. "फ्रान्समध्ये असं नसतं," म्हणाले.

हे पदार्थ जळगावच्या बाजारात मिळायचे नाहीत. म्हणून नानांनी आपल्याकडचा जोडीदार शोधायचा चंग बांधला. पदार्थ केले अर्थात अक्कांनी, नानांनी फक्त नापास केले. अक्कांनी खापरावर पुरणाचे मांडे केले. नानांनी घास तोंडात घोळवला, डोळे मिटले, मनातल्या मनात एक घोट घेतला आणि मान हलवली. "जवळ आलं. पण गोड गोडाला खातं." शेवभाजी केली. "तिखट तिला मारून टाकतं." वरण-बट्टी केली. "तूप मध्ये येतं." तिळाची चटणी, डुबुकवडे, गुळातला शेंगदाणा, सगळे उमेदवार आले नि गेले. एकदा अक्कांनी फैजपूरहून, माहेरून आलेली सुकी केळी पुढे केली. साल काढून उन्हात वाळवलेली, काळपट, चिकट. नानांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही काय पाहुण्यापुढे ठेवायची वस्तू आहे? ही प्रवासात खायची." अक्कांनी डबा परत फळीवर ठेवला.

आता ताटाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच ताटात जेवायला बसत. मला हे बघून तळपायाची आग मस्तकात जायची. पण आमच्या घरी अक्कांचं ताट वेगळं! नाना जेवून उठले, की अक्का स्वतःचं ताट घेऊन वाढून घेत. मी जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, महिला दिनाला भाषणं ठोकत होते. मी शिक्षकांच्या खोलीत अक्कांचं कौतुक करत फिरायचे, की बघा, चार बुकं न शिकलेली बाई, पण उष्ट्या ताटाला हात लावत नाही. एकदा अक्कांनाही म्हटलं, "तुम्ही फार पुढारलेल्या आहात हो." अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषयच बदलला.

अशी वर्षं गेली. नव्वद साल उलटलं, जळगावला केळीच्या बागा बघायला परदेशी पाहुणे यायला लागले, आणि एका हिवाळ्यात नानांना पत्र आलं. पियेर येतोय! दहा-बारा जणांच्या गटाबरोबर येतोय, एक दुपार नानांकडे घालवणार. पत्र मीच वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "माझी बाटली कशी लागली, ते मला समोरासमोर ऐकायचं आहे."

नानांना आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. उलट दोन दिवस व्याख्यान बंद. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्याला कळव, की मी आजारी आहे." मी म्हटलं, "अहो, गावभर झालंय, काशिनाथआबांनी वांगीसुद्धा बाजूला काढून ठेवलीत." नाना बिबड्यांचा डबा उघडून बाटलीकडे बघत बसले. मला वाटलं, म्हातारा भावुक झाला.

हिवाळ्यातला पाहुणा म्हणजे असोद्यात भरीत पार्टीच. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर मणभर वांगी भाजली, लाकडी भांड्यात ठेचली. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. बायका पुऱ्या तळत होत्या. चाळीस माणसं केळीच्या पानांवर बसली. नाना प्रघाताप्रमाणे पहिल्या पंगतीत, आणि त्यांच्या शेजारी पियेर, मांडी घालता येईना म्हणून एका पायावर कसाबसा तोललेला. मी दुभाषी म्हणून मागे उभी. भरताच्या दुसऱ्या घासाला पियेरच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं इंग्रजीत विचारलं, "बाटली कुठे आहे?"

बाटली आली. न उघडलेली बघून पियेर चकित झाला. मी व्याख्यानाचा उन्हाचा भाग त्याला सांगितला: दर उन्हाळा, गच्ची, दर तासाला पाव वळण. पियेर इतका हसला की मांडीवरून कलंडला. म्हणाला, ऊन द्यायचं ते बाटलीत भरण्याआधी, बुधल्यांत! आणि ते आम्हीच देतो, एक वर्ष! बाटलीत भरल्यावर तिला कोणी उन्हात ठेवत नाही! मी हे मराठीत सांगितलं, तसं चाळीस माणसं हसून फुटली. नऊ उन्हाळे, जळगावचे उन्हाळे, नानांनी ती बाटली बिबडीसारखी उलटीपालटी करून शेकली होती. काशिनाथआबा म्हणाले, "नाना, तळून पाहाची व्हती!"

पियेरनं मेण फोडलं, बूच काढलं, स्वतः हुंगलं, चाखलं. हसू थांबलं. म्हणाला, ही माझ्या बाटलीची पणजी झाली आहे, पण जिवंत आहे. मग त्यानं स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतली आणि नानांपुढे धरली.

नानांनी पेला घेतला. सवयीनं गोल फिरवला. नाकाशी नेला. सगळी पंगत त्या घोटाची वाट बघत होती. मीही. पुऱ्यांच्या कढईजवळ अक्का झारा हातात धरून उभ्या होत्या, आणि पुरी तेलात काळी पडत होती तरी त्यांचं लक्ष नव्हतं. नानांनी पेला खाली ठेवला. "मी ही घेऊ शकत नाही," म्हणाले. "मी कधी घेतलीच नाही. तिथेही नाही."

कोणाला काही कळेना. नाना मान खाली घालून पानाशी बोलावं तसं बोलले. अक्कांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता, ऐन तिशीत. तेव्हा अक्कांनी कानबाई देवीसमोर नानांकडून शपथ घेतली होती, की थेंब तोंडाला लावणार नाही. नानांनी ती फ्रान्समध्येही पाळली. अंजीर, करपलेला गूळ, तापलेलं कौल, हे सगळं पियेर त्याच्या पाहुण्यांना सांगत होता आणि शिष्टमंडळाबरोबरच्या दुभाष्यानं मराठीत केलं होतं. नानांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं, एवढंच.

मी पियेरला हे इंग्रजीत सांगितलं. तो मुळीच चकित झाला नाही. म्हणाला, "मला माहीत आहे. माझ्या बायकोनं यांना पेला खिडकीतल्या कुंडीत ओतताना पाहिलं होतं. दोन दिवस, चार वेळा. रोप मेलं. आम्हाला वाटलं, परक्या घरात यांना संकोच होतो. म्हणून तर बाटली दिली, की घरी, आपल्या माणसांत घेतील."

मी ते मराठीत सांगितलं, आणि अक्का कढई सोडून पुढे आल्या. चाळीस माणसांदेखत नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमी नाई चाखली?"

"नाही."

"मंग वट्यावर बसून चव कोनाची सांगत व्हते?"

नानांनी पेला आणखी लांब सरकवला.

"मी नऊ वर्सं ताट येगळं केलं. तुमाले ठाऊक व्हतं काबरं केलं ते?"

नानांनी मान डोलावली. "ठाऊक होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मला त्या माणसाचा असा राग आला की काय सांगू! नाना फ्रान्सहून आले, ओट्यावर बसून चवीचं वर्णन केलं, आणि आत अक्कांनी ऐकलं. त्यांना वाटलं, शपथ मोडून आला, आणि वर चारचौघांत मिरवतोय. त्या दिवशी अक्कांनी ताट वेगळं केलं. एक शब्द विचारला नाही. आणि नानांना सगळं कळत होतं. एका वाक्यानं मिटलं असतं. पण ते वाक्य बोललं की फ्रान्सनाना संपला, उरला तो फक्त कुंडीत वाइन ओतणारा असोद्याचा एक केळीवाला. म्हणून नऊ वर्षं बायकोच्या नजरेत लबाड राहणं या गृहस्थानं पत्करलं, पण ओट्यावरची शान सोडली नाही. आणि त्या बाईनं त्या न चाखलेल्या वाइनसाठी मांडे करावेत, डुबुकवडे करावेत! आणि मी? मी तिला पुढारलेली म्हणत होते.

"सांगितलं असतं तर तू अंगणात चारचौघांना बोलली असतीस," नाना पुटपुटले. हा त्यांचा बचाव.

"उठा," अक्का म्हणाल्या.

नाना उठले. काशिनाथआबा घाबरून पानासकट सरकले. अक्का खाली बसल्या, नानांच्या पानावर, त्यांच्या जागी. पानात अर्धी पुरी होती, थोडं भरीत होतं, आणि कडेला एक तळलेली मिरची. मला नंतर कळलं, की नाना पूर्वी अक्कांसाठी ताटात एक तळलेली मिरची कायम शिल्लक ठेवत. ताट वेगळं झालं तरी ही सवय सुटली नव्हती. इतकी वर्षं ती मिरची मीच रोज उष्ट्यात टाकत होते. अक्कांनी ती मिरची पुरीत गुंडाळली आणि सगळ्यांसमोर सावकाश जेवल्या. मला हे बघून चीड यायला हवी होती. आलीही. पण रडूसुद्धा आलं.

जेवल्यावर अक्का घरात जाऊन सुक्या केळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि पियेरपुढे आदळला. "याले म्हना, ह्याच्यासंगं घे." पियेरनं एक केळं चावलं, वर एक घोट घेतला, आणि लगेच दुसरं केळं उचललं. मग नानांना म्हणाला, "हे तुमच्या घरात होतं, आणि तुम्ही बदक शोधत होतात?" जाताना तो अख्खा डबा घेऊन गेला. वाइनबद्दल बाकीच्यांचं मत वेगळं होतं. आबांनी चमचाभर घेतली आणि म्हणाले, मनुकांचा काढा आहे, सर्दीला बरा. चार बोटं उरलेली बाटली बूच लावून पुन्हा बिबड्यांच्या डब्यात गेली.

फ्रान्सनाना त्यानंतर संपले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही नानांना ओळखलंच नाही. आठच दिवसांत ओट्यावर नवं व्याख्यान सुरू: न चाखता चव कशी ओळखावी. "चाखून कोणीही सांगेल," नाना म्हणत. आत अक्का त्यांच्याच ताटात जेवत असत. मी दोघांशीही भांडले. दोघांनीही ऐकलं नाही. चार वर्षांनी नाना गेले, हृदयविकारानं, दुपारी, गच्चीवर बिबड्या राखताना. मला म्हाताऱ्याचा राग अजूनही येतो, आणि उन्हाळा लागला की गच्चीवर पाट रिकामा बघवत नाही.

वर्षश्राद्ध आटोपून पाहुणे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी ती बाटली माझ्यापुढे ठेवली. "मी काई घेनार नाई. माह्या भावानं घेतली तेवढी पुरे झाली. तू चाखून पाह्य. ते सांगत व्हते तशीच लागते का, ते सांग मले."

मी चमचाभर घेतली. तीक्ष्ण, आंबटढाण. दात शिवशिवले, कानशिलं झणझणली. उघडून पाचेक वर्षं झालेली, तिचा सिरका झाला होता. अक्का वाट बघत होत्या. आणि मी, जिनं आयुष्यभर त्या माणसाच्या थापा मोजल्या, ती मी डोळे मिटून म्हणाले, "पहिल्यांदा अंजीर येतं, अक्का. मग थोडा करपलेला गूळ. आणि शेवटी तापलेल्या कौलावर पाणी शिंपडल्याचा वास."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सिरका झाला तिचा. बूच काढलं तवाच वास आला मले. तोंड पाह्य आपलं आरशात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन बराबर सांगितलं. त्याईच्यासारखंच."

मग त्यांनी ताट वाढून घेतलं आणि मी माझं ताट घ्यायला उठले, तर हाताला धरून खाली बसवलं. "येकाच ताटात बस," म्हणाल्या, आणि तळलेली मिरची माझ्या बाजूला सरकवली.